बिनकेमिकलचं झबलं

"माझ्या पोरीच्या अंगाला यापुढे केमिकलचा एक धागा लागणार नाही," असं महिपत शिगवणने खेडच्या एस.टी. स्टँडवर जाहीर केलं, तेव्हा समोरचा माइक चालू होता. त्यामुळे ही प्रतिज्ञा दापोलीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या सत्तर-ऐंशी माणसांनीही ऐकली. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "आता ही कुठली गाडी लागली?"

महिपत स्टँडवर कंट्रोलर होता. गाडी आली की रजिस्टरात लिहायची, सुटली की लिहायची, मधल्या वेळात माइकवरून लोकांना धीर द्यायचा. वीस वर्षं वेळापत्रक वाचून त्याला एक खोड लागली होती. छापलेलं जे काही असेल त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवायचा. गाड्या त्या छापील वेळेला कधी आल्या नाहीत, पण तो दोष तो गाड्यांना द्यायचा.

तर चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात कुणी प्रवासी बाकावर एक मासिक विसरून गेला, आणि चिपळूणची गाडी पाऊण तास लेट होती. त्या पाऊण तासात महिपतने 'तुमच्या बाळाचे कपडे सुरक्षित आहेत का?' हा लेख तीनदा वाचून काढला. नायलॉन आणि टेरिलीनमधून बाळाच्या अंगाला हवा लागत नाही. कापडाला चमक यावी म्हणून कारखान्यात नाना रसायनं चोळतात. पक्क्या रंगातलं विष कोवळ्या कातडीतून आत उतरतं. वाचता वाचता त्याला घाम फुटला, कारण घरी त्याच्या आठ महिन्यांच्या चिमाच्या मानेवर चार दिवसांपासून लाल पुरळ होतं.

केबिनमध्ये हेदवीच्या गाडीचा कंडक्टर रघू चहा पीत बसला होता. त्याच्याकडे बघूनच महिपतने ती प्रतिज्ञा केली. रघू म्हणाला, "साहेब, आमी तर लंगोटावर वाढलो."

"म्हणूनच तू कंडक्टर राहिलास," महिपत म्हणाला आणि मासिक काखेत मारून घरी निघाला.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. मधे एक तुळस आणि एक गडग्याची भिंत, आणि पलीकडे कुलसुमबीचं घर. कुलसुमबीचा नवरा बोटीवर असायचा, तो वारला. मुलगा हमीद कुवेतला. घरात ती आणि तिचं शिवणाचं मशीन. राही, म्हणजे महिपतची बायको, सकाळी बालवाडीत शिकवायला जायची. आठ ते साडेअकरा चिमा कुलसुमबीच्या ओटीवर असायची. चिमाला पहिला दात आला तो आईबापाच्या आधी कुलसुमबीने पाहिला होता.

त्याच कुलसुमबीने पंधरा दिवसांपूर्वी चिमाला एक फ्रॉक दिला होता. हमीदने कुवेतहून पाठवलेला. गुलाबी, झगझगीत, कमरेला तीन पदरी झालर, आणि हात लावला की चुरचुर आवाज करणारा. महिपतने घरी येऊन पेटीतून तो काढला, उन्हात धरला, वास घेतला आणि म्हणाला, "हाच तो."

"कोण तो?" राही आतून म्हणाली. "अहो, थांबा जरा, ऐकून तरी..."

पण महिपत गडगा ओलांडून गेलासुद्धा.

कुलसुमबी ओटीवर पाय पसरून काहीतरी लिहीत बसली होती. महिपतने फ्रॉक तिच्यापुढे ठेवला आणि कोवळी कातडी, नायलॉन, पक्का रंग, कारखाना हे सगळं लेखातल्या क्रमाने सांगितलं. मधे दोन वाक्यं राहिली असं वाटून त्याने ती मागे जाऊन पुन्हा घेतली. कुलसुमबीने सगळं ऐकलं. मग फ्रॉकची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत, महिपतभाऊ."

इतकंच. महिपत अगदी समाधानाने घरी आला.

"दिलात परत?" राहीने विचारलं.

"दिला. समजूतदार बाई आहे. एका शब्दाने बोलली नाही."

"ती कशाला बोलेल? अहो, तो फ्रॉक वर्षाच्या पोरीच्या मापाचा आहे. मी तो अजून एकदाही चिमाला घातलेला नाही. आल्यापासून पेटीत आहे."

महिपत दारातच उभा राहिला. खरं म्हणजे त्याच पावली माघारी फिरून दोन शब्द बोलून आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि हेदवीच्या गाडीच्या पन्नास प्रवाशांची फरपटही वाचली असती. पण महिपत म्हणाला, "घातला नाही हे नशीब. घातला असता तर काय झालं असतं, विचार कर."

राहीने विचार केला. मग ती म्हणाली, "आता उद्यापासून मी कुठल्या तोंडाने पोर तिच्या ओटीवर ठेवू? तुम्हीच सांभाळा."

महिपतने दुसऱ्या कंट्रोलरशी बोलून दुपारची पाळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो चिमाला काखोटीला मारून बाजारपेठेतल्या कापडवाल्याकडे गेला. "लहान मुलासाठी कापड दाखवा. केमिकल नको."

कापडवाल्याने गादीवर बसल्या बसल्या मागच्या फळीकडे पाहिलं. "केमिकल आपण ठेवतच नाही साहेब. ती कुठली मिल?"

"मिल नव्हे. रसायन. रंग नको, चमक नको, नायलॉन नको."

"मग पॉपलीन घ्या."

"पांढरंशुभ्र कसं केलं हे?"

"ते मिलवाल्यांना माहीत."

"म्हणजे रसायन."

असं करता करता गादीवर बावीस ताग्यांचा ढीग झाला. चिमाने त्यातल्या एकावर आपलं मत ओलं करून नोंदवलं. शेवटी कापडवाल्याने एकदम तळातून मळकट पिवळसर रंगाचा जाड तागा ओढून आणला. "मांजरपाट. कोरा. याला कुणी काही केलेलं नाही. जसा मागावरून उतरला तसा."

महिपतने नखाने खरवडलं. पांढरी भुकटी पडली. "हे काय?"

"खळ. पाण्यात उकळा, जाईल."

महिपतने चार मीटर घेतलं, घरी नेऊन हंड्यात दोन वेळा उकळलं आणि वाळत टाकलं. वाळल्यावर मोजलं तर सव्वातीन भरलं. उरलेलं कापड कुठे गेलं याचा त्याने हंड्यातही शोध घेतला.

आता शिवणार कोण? गावात लहान मुलांचे कपडे कुलसुमबीइतके हलक्या हाताने कुणी शिवत नव्हतं, आणि ते दार बंद झालं होतं. महिपत गेला स्टँडमागच्या केरू शिंप्याकडे. केरू वर्षानुवर्षं कंडक्टर-ड्रायव्हरांचे खाकी गणवेश शिवत आला होता. चिमाला बघून त्याने टेप गळ्यातून काढली, आणि कुठून सुरुवात करावी हे न कळून पुन्हा गळ्यात घातली.

"साहेब, इतक्या लहान मापाचा मी कधी केलेला नाही."

"तेच तेच असतं, फक्त लहान," महिपत म्हणाला.

केरूने ते शब्दशः घेतलं. तीन दिवसांनी चार झबली तयार होऊन आली. प्रत्येक झबल्याला कॉलर होती, दोन्ही खांद्यांना पट्ट्या होत्या, छातीवर झाकणवाले दोन खिसे होते, खिशांना बटणं होती, आणि सगळ्या शिवणी दुहेरी होत्या, तिकिटांचा ट्रे लटकवला तरी उसवू नयेत अशा. चिमाला ते घालून बसवलं तर आता ही कुणालाही 'पुढे सरका' म्हणेल असं वाटायला लागलं.

राहीने खिशांबद्दल काही विचारलं नाही. ती म्हणाली, "हे कोरं मांजरपाट पोरीच्या अंगावर घालायचं नाही. हे कशाला आणतात माहीत आहे ना? तिरडीवर घालायला."

हे महिपतला मान्य करावं लागलं. कापडाचा रंग खरोखरच तसा होता. म्हणजे आता झबली रंगवायला हवी होती, आणि रंग तर विष. पण महिपत हरणारा नव्हता. रविवारी राही चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली, आणि तिच्या हातातली हळदीची वाटी बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

राहीची आई सोनूबाई दरवर्षी हेदवीहून घरची हळद कुटून पाठवायची. वर्षभराचा डबा. महिपतने तो सगळाच्या सगळा हंड्यात ओतला, झबली, लंगोट, दुपटी आणि टोपडी त्यात बुडवली आणि काठीने तासभर ढवळलं. राही परत आली तेव्हा अंगणातल्या दोरीवर बारा पिवळेधमक कपडे लटकत होते. महिपतचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, आणि तुळशीचा बुंधाही.

"औषधी आहे," तो म्हणाला. "पुरळाला उलट गुण येईल."

राही स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. त्या दिवशी दोघं एकमेकांशी अगदी कामापुरतं बोलली.

आता हळद कापडावर टिकते किती आणि अंगाला लागते किती, याबद्दल त्या लेखात काही नव्हतं. चैत्रातला खेडचा उकाडा, त्यात जाड मांजरपाट. चिमा घामाने निथळायची, कॉलर चोखायची आणि त्याच हातांनी डोळे चोळायची. दोन दिवसांत पोर मानेपासून टाचेपर्यंत पिवळी झाली. राहीने विचारलं, "साबणाने धुऊ का?" महिपत म्हणाला, "साबण म्हणजे शुद्ध केमिकल." त्याने साबणाला घरात बंदी केली. चिमाची आंघोळ डाळीच्या पिठाने, कपडे नुसत्या पाण्यात.

गुरुवारी घोटाळा झाला. बालवाडीची तपासणी होती म्हणून राही दिवसभर अडकली, आणि दुसरा कंट्रोलर आजारी पडल्यामुळे महिपतला सकाळीच स्टँडवर बोलावलं. तो चिमाला घेऊन गेला आणि केबिनमधल्या टेबलावर रजिस्टरशेजारी बसवलं. खांदपट्ट्यांचं पिवळं झबलं, पिवळं टोपडं, पिवळे गाल. तिकिटाच्या रांगेतली माणसं रांग सोडून बघून जाऊ लागली.

अकराच्या सुमाराला रघू कंडक्टर सही करायला आत आला. चिमाकडे बघून त्याचा हात थांबला. "साहेब, पोरगी पिवळी दिसते."

"हळद आहे," महिपत म्हणाला, पण नेमकी तेव्हाच दापोलीची गाडी हॉर्न ठोकत आत घुसली, आणि रघूला त्यातलं फक्त 'आहे' ऐकू आलं.

"मंग? डॉक्टर काय म्हणतो?"

महिपतने तोंड उघडायच्या आत फोन वाजला. चिपळूण डेपो विचारत होता की बिघडलेल्या पोलादपूर गाडीचं काय करायचं. महिपत फोनवर हताशपणे म्हणाला, "काही उपाय राहिला नाही हो. आम्ही सगळं करून बघितलं. आजचा दिवस कसाबसा निघेल, उद्याचं काही सांगवत नाही. तुम्हीही आता आशा सोडा."

रघूने डोक्यावरची टोपी काढली. तो चिमाच्या पायांना हात लावून, डोळे पुसत बाहेर पडला. महिपतला वाटलं, याला पोरांची फारच माया.

हेदवीची गाडी दुपारी दोनला पोचते. त्या दिवशी ती वाटेतले थांबे गाळत दीडलाच पोचली. रघूने घंटी मारून गाडी सोनूबाईच्या घरासमोर थांबवली आणि खाली उतरून सांगितलं, "सोनूआत्ये, नातीला कावीळ झालीय. साहेबांनी आशा सोडलीय. मी माज्या कानांनी ऐकला."

शुक्रवारी सकाळी महिपत चिमाला मांडीवर घेऊन पेज भरवत होता, तेवढ्यात अंगणात सोनूबाई उभी. तिच्या हातात एक पिशवी, डोक्यावर एक गाठोडं, आणि मागे हेदवीची तीन माणसं, नुसती आधाराला आलेली.

"काय झाला गो माज्या बायला," असं म्हणत सोनूबाईने चिमाला उचललं, पापणी वर करून बघितलं, नखं बघितली आणि तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. ही माळ जसजशी कावीळ उतरेल तसतशी लांब होते म्हणतात. चिमाने ती लगेच तोंडात घातली.

"सासूबाई, कावीळ नाही. हळद आहे," महिपत म्हणाला.

सोनूबाईचा चेहराच बदलला. "काविळीच्या पोराला हळद चारलात? तुमाला शिकलेला म्हणून पोरगी दिली आमी."

"चारली नाही. कपड्यांना लावली."

"कपड्यांना? का?"

"केमिकल नको म्हणून."

सोनूबाईने मागच्या तिघांकडे बघितलं. त्यांनीही एकमेकांकडे बघितलं. जावयाच्याही डोक्यावर परिणाम झालाय, हे चौघांचं न बोलता ठरलं.

"ऐका, जावयबापू," सोनूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "तीनच्या गाडीने मी पोरीला घेऊन जाते. आमच्याकडे एक माणूस आहे. तापवलेल्या सळीचा एकच डाग पोटावर देतो. कितीक पोरां वाचली."

आतापर्यंत महिपतला हे सगळं कंटाळवाणं वाटत होतं. डाग हा शब्द ऐकताच तो पुढे झाला. त्याने चिमाला सासूच्या हातातून काढून छातीशी धरलं. सोनूबाई काही दुष्ट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि जे तिला ठाऊक होतं तेच ती करणार होती. तीन माणसं सोबत होती. तीनची गाडी वेळेवर सुटली तर कोण अडवणार? आणि ती गाडी वेळेवर सोडणं हे महिपतचंच काम होतं.

"थांबा. मी सिद्ध करतो," तो म्हणाला. "आत्ता धुऊन दाखवतो. रंग निघाला की झालं ना?"

तो आत गेला. राहीने मोरीच्या मागे लपवलेला कपड्यांचा साबण त्याला बरोबर सापडला. अंगणात बादली आणली, चिमाचं झबलं उतरवलं, बादलीत टाकलं आणि साबण घासला.

ज्यांनी हळदीच्या कपड्याला साबण लावला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. महिपतने तो कधी लावला नव्हता. आधी झबलं लाल झालं. मग पाणी लाल झालं, चांगलं गडद. घाबरून त्याने तोच हात चिमाच्या पाठीवरून फिरवला, तर पाठीवर चार लाल बोटं उठली.

"रक्त," हेदवीचा एक माणूस म्हणाला आणि पायरीवर खाली बसला.

सोनूबाईने जी किंकाळी फोडली ती जगबुडी नदीच्या पलीकडे ऐकू गेली असेल. त्यात चिमाही सामील झाली. त्याच वेळी फाटकातून राही आत आली. अंगणात तिची आई ऊर बडवते आहे, हेदवीचा एक माणूस पायरीवर डोकं धरून बसलाय, नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल आहेत आणि त्या हातांत उघडी पोर आहे, असं चित्र तिने पाहिलं. तिच्या हातातली बालवाडीची खडूची पेटी खाली पडली.

"राही, हळद आहे," महिपत म्हणाला. एव्हाना हे वाक्य त्यालाही खोटं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात गडग्यावरून कुलसुमबी आली. दहा दिवस तिने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ती तडक बादलीपाशी वाकली, बोट बुडवून वास घेतला, आणि आल्या पावली परत गेली. सगळे बघत राहिले. ती एक लिंबू आणि विळी घेऊन आली, लिंबू कापलं आणि बादलीत पिळलं.

लाल पाणी बघता बघता पिवळं झालं.

दुसरी फोड तिने चिमाच्या पाठीवर हलकेच फिरवली. तिथली बोटंही पिवळी झाली.

"हळदच आहे," कुलसुमबी सोनूबाईला म्हणाली. "साबण लागला की लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. माझ्या हमीदचे सदरे मी पंधरा वर्षं धुतले. जेवताना त्याचं अर्धं कालवण सदऱ्यावर असायचं. पोरीचे डोळे बघा, दुधासारखे पांढरे आहेत. कावीळ कुठली?"

तिने चिमाचं नाक पुसलं, तिला राहीच्या हातात दिलं आणि विळी उचलून घरी गेली. महिपतकडे तिने पाहिलंही नाही.

सोनूबाईचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती. मग सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी चिमाला उताणी केलं, पालथी केलं, आणि पुन्हा उताणी केलं.

"कावीळ नाही," ते शेवटी म्हणाले. "मानेवरचं हे जुनं घामोळं आहे. उन्हाळ्यात निम्म्या गावाला असतं. पण हे खांद्यावरचं आणि छातीवरचं नवीन दिसतंय. असं चौकोनी पुरळ मी आजवर पाहिलं नाही." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "इथे काही होतं का?"

"खिसा," महिपत म्हणाला.

"आणि या बाजूला?"

"दुसरा खिसा."

"झाकणाचे?"

"हो. बटणांसकट."

डॉक्टरांनी महिपतकडे बघितलं, मग राहीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. "शिवणी काचल्यात. जाड कापड, त्यात घाम. औषध काही लागणार नाही. दोन दिवस पोरीला उघडी ठेवा. मग जुनं, पुष्कळदा धुतलेलं, मऊ सुती कापड घाला. सैल. खिसे नकोत."

घरी आल्यावर सोनूबाईने आपलं गाठोडं सोडलं. त्यात तिचं एक जुनं लुगडं होतं. वीस-बावीस वर्षं अंगावर वापरून, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात धरलं तरी घसरायचं. नातीला गुंडाळून हेदवीला न्यायला तिने ते आणलं होतं. "ह्याची झबली शिवा," ती म्हणाली.

महिपतने कापड बोटांत घेतलं. त्याचं तोंड उघडलं. "याचा रंग कसला..."

राही, सोनूबाई आणि हेदवीची तीन माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्याने तोंड मिटलं.

"कुलसुमबीकडे न्या," राही म्हणाली. "तुम्हीच न्या. आणि नीट माफी मागून या."

महिपत लुगडं घेऊन गडग्यापाशी गेला. आजवर तो शंभरदा तो गडगा ओलांडून गेला असेल, पण त्या दिवशी रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने गेला. कुलसुमबी मशीनवर बसली होती. त्याने लुगडं पुढे केलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिने कापड गालाला लावून पाहिलं.

"चांगलं आहे. सहा निघतील. बसा."

महिपत बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "हमीद कसा आहे? पत्र आलं का?"

"येतं. दर पत्रात विचारतो, चिमाला फ्रॉक कसा झाला." कुलसुमबीने सुईत दोरा ओवला. "तिकडे पगार झाला त्या दिवशी दुकानात गेला. हातवारे करून माप दाखवलं म्हणे. त्याला वाटलं, आठ महिन्यांची पोर एवढी असेल." तिने हात पसरून दाखवला. "तुम्ही आलात ना त्या दिवशी, तेव्हा मी त्यालाच लिहीत बसले होते."

महिपतला त्या दिवशीचं तिचं पसरलेलं पत्र आठवलं. त्याने खाली जमिनीकडे बघत विचारलं, "मग काय लिहिलंत?"

"लिहिलं, फार शोभून दिसतो. सगळे विचारतात कुठून आणला. तिकडे एकटा आहे पोर. त्याला काय सांगायचं?"

मशीन चालू झालं. महिपत बोलत सुटला. उकाड्याबद्दल बोलला, केरू शिंप्याबद्दल बोलला, त्याने खिशांना काजं कशी केली होती ते सांगितलं. त्यावर कुलसुमबी इतकी हसली की तिला मशीन थांबवावं लागलं. चहा झाला. तासाभरात एक झबलं तयारही झालं, बंदाचं, बिनशिवणीच्या खांद्यांचं. ते हातात देताना ती म्हणाली, "उद्यापासून सकाळी पोरीला इकडे आणून सोडा. ओटी सुनी वाटते."

महिपत तरंगत घरी आला. राही दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"उद्यापासून आणून सोडा म्हणाल्या. चहा दिला. हे बघ झबलं. खूप हसलो आम्ही."

"बरं झालं. आणि माफी मागितलीत ना?"

महिपतने आठवून पाहिलं. उकाडा झाला होता, केरू झाला होता, काजं झाली होती, चहा झाला होता. तो शब्द काही कुठे सापडेना.

"म्हणजे तसं त्यांना कळलंच," तो म्हणाला.

राहीने झबलं त्याच्या हातातून घेतलं आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. आतून सोनूबाई, आणि सोनूबाईच्या मागून ती तीन माणसंही बघत होती. महिपतने पुन्हा चपला घातल्या, पुन्हा वळसा घेतला आणि पुन्हा कुलसुमबीच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिने चष्म्यावरून वर पाहिलं. "आता काय राहिलं, महिपतभाऊ?"

रोज माइकवरून शेकडो लोकांपुढे बोलणाऱ्या महिपतने दोनदा खाकरून घसा साफ केला. एकदा उंबऱ्याकडे बघितलं, एकदा आढ्याकडे.

"काही नाही," तो म्हणाला. "राहीने माफी मागायला पाठवलंय."